पुलगावच्या आभाळातली दोन मिनिटं

तुम्ही वर्ध्याचे. विज्ञान शिकलात. पाठीवर पिशवी टाकून जंगल-डोंगर तुडवायची हौस आहे, आणि जे पाहिलं ते कॅमेऱ्यात पकडून चार लोकांना समजावून सांगायची त्याहून मोठी हौस. घरात विचारणा सुरू झालीय, "हे सारं बरं आहे, पण याच्यावर पोट भरते का?" शेजारच्या काकांचं मत पक्कं आहे. असली कामं विलायतेत चालतात, आपल्या इकडं त्याला कोण विचारतो?

काकांचं म्हणणं तपासायचं असेल तर मागे चला. फार लांब नाही. वर्ध्याहून गाडीनं तासाभराच्या आत पोचाल. फक्त वाटेत सव्वाशे वर्षं ओलांडायची आहेत. मोबाईल घरी ठेवा. जिथे चाललो आहोत तिथे तो चार्ज करायला वीज नाही.

पुलगाव, २१ जानेवारी १८९८

पहाटेची गाडी तुम्हाला फलाटावर उतरवून निघून जाते. थंडी हाडांपर्यंत पोचते. स्टेशनाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे. गाडीवाले घोंगडी पांघरून बैलांपुढे कडबा टाकत बसलेत. तुम्ही उभे आहात तो मध्यप्रांत. समोर रेल्वेचा पूल, खाली वर्धा नदी, आणि नदीपलीकडे वऱ्हाड. मुंबईत प्लेगनं थैमान घातलंय, म्हणून तिकडून येणाऱ्या उतारूंकडे सगळे संशयानं बघतात. मागच्या वर्षीचा दुष्काळ लोक अजून विसरलेले नाहीत. नक्षत्रांच्या आधारानं वेदांचा काळ काढणारे लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात आहेत. म्हणजे आभाळाकडे निवांत बघत बसावं असे हे दिवस नाहीत.

तरीही गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन इंग्रज गृहस्थ आभाळाचीच तयारी करताहेत. एक कॅप्टन हिल्स, इंजिनिअर पलटणीतला अधिकारी. दुसरे केंब्रिजचे न्यूऑल. लंडनच्या रॉयल सोसायटीनं आणि तिथल्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं मिळून नेमलेल्या ग्रहण समितीनं त्यांना इथं धाडलंय. लाकडी खोकी उघडली जाताहेत. पेंढ्यातून पितळी नळ्या, लोलक, फोटोच्या काचेच्या प्लेटा बाहेर निघताहेत. ही यंत्रं म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप. प्रकाश लोलकातून गेला की त्याचे रंग सुटे होतात, आणि त्या रंगांतल्या रेषा बघून तो प्रकाश कुठल्या मूलद्रव्यातून आला ते सांगता येतं. तीस वर्षांपूर्वी, १८६८ च्या ग्रहणात, सूर्याच्या प्रकाशात अशीच एक अनोळखी पिवळी रेषा सापडली होती. ती हेलियमची निघाली. ते ग्रहणही महाराष्ट्रातल्या विजयदुर्गावरून गेलं होतं.

उद्याची सावली पुन्हा विजयदुर्गावर उतरणार आहे. तिथून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून, वऱ्हाडातून, तुमच्या पुलगाववरून ती ईशान्येला बिहारकडे जाईल. या पट्ट्यात जगभरचे खगोलवाले येऊन बसलेत. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर. जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, आणि त्याच गावात पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नेगामवाला. नेगामवालांचं नाव लक्षात ठेवा. काकांना सांगायला उपयोगी पडेल.

एवढ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. सूर्याभोवती करोना नावाचं विरळ, फिकट तेजाचं वलय असतं. एरवी सूर्याच्या झगमगाटात ते बुडून जातं. ग्रहणाशिवाय करोना बघायचं यंत्र निघायला अजून तीसेक वर्षं जायची आहेत. तोवर खग्रास ग्रहण हीच काय ती संधी, आणि पुलगावला ती मिळणार दोन मिनिटांच्या आसपास. त्यासाठी महिन्याचा बोटीचा आणि रेल्वेचा प्रवास, आणि इथं पोचल्यावर रोजची तालीम. कुणी झाकण उघडायचं, कुणी प्लेट बदलायची, कुणी मोठ्यानं सेकंद मोजायचे, सगळं ठरलेलं. अंधारात हात चुकता कामा नये, कारण ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणायची सोय सूर्याकडे नाही.

एक गाडीवान तुमच्याजवळ येऊन उभा राहतो. तुम्ही आपल्यातलेच दिसता, म्हणून विचारतो, "काहो भाऊ, हे नळकांडे कायले लावले सायबानं?"

ही तुमची परीक्षा. तुम्ही सांगता, उद्या चंद्र सूर्याला झाकणार आहे, ते बघायला. तो हसतो. "चंद्र केवढा, सूर्य केवढा! झाकंल कसा?" प्रश्न अगदी बरोबर आहे. कॉलेजात तुम्ही तो कधी विचारला नव्हता.

त्याच्या पोत्यातून ज्वारीचा एक दाणा घ्या. हात लांब करा, एक डोळा मिटा आणि त्या दाण्यानं दूर माळावर उभ्या असलेल्या बैलगाडीचं चाक झाकून बघा. गाडी पुरेशी लांब असली की चाक दाण्याआड पुरतं जातं. चाक दाण्याच्या साधारण चारशे पट मोठं आहे, आणि दाण्याच्या चारशे पट लांब. सूर्य-चंद्राचा हिशेब हाच. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आणि जवळपास तितकाच पट दूर. गाडीवान स्वतः दाणा धरतो, डोळा मिटतो, गाडी थोडी पुढे घ्यायला पोराला ओरडून सांगतो, पुन्हा बघतो. मग दाणा तोंडात टाकून म्हणतो, "बराबर हाय."

विज्ञान समजावून सांगणं म्हणतात ते हेच. यंत्र लागलं नाही, परिभाषाही लागली नाही. ज्याला सांगायचं त्याच्या पोत्यातला दाणा लागला.

तळणी, २२ जानेवारी १८९८, दुपार

आज शनिवार, पौषातली अमावास्या. नदी ओलांडून पुढचं स्टेशन तळणी. इथं ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली आहेत. पुलगावचा तळ सरकारमान्य समितीचा. हा हौशी लोकांच्या संस्थेचा. पण या हौशी माणसांची नावं ऐका. जॉन एव्हरशेड इथं सूर्याच्या कडेचा क्षणभर चमकणारा वर्णपट टिपायला आलाय; पुढे १९०९ मध्ये तो कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्याच्या डागांतला वायू कसा वाहतो ते दाखवून देईल आणि मग तिथला संचालक होईल. वॉल्टर माँडर ग्रिनिचच्या वेधशाळेत सूर्याच्या डागांची नोंद ठेवणारे. आणि त्यांची पत्नी अॅनी माँडर.

अॅनीबाईंपाशी थांबा. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली ही आयर्लंडची मुलगी १८९१ मध्ये ग्रिनिचला आकडेमोड करायला लागली. पगार महिना चार पौंड. चार वर्षांनी लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला नोकरीत ठेवायचं नाही असा नियम होता. नोकरी गेली, काम गेलं नाही. कॉलेजकडून मिळालेल्या अनुदानातून तिनं आखूड नळीचा एक कॅमेरा करून घेतलाय. भिंग अवघं दीड इंचाचं. पुलगावच्या यंत्रांपुढे तो खेळण्यातला वाटेल. पण तिची अटकळ वेगळी आहे. मोठी दुर्बीण सूर्याची कड मोठी करून दाखवते. करोनाचे लांबवर गेलेले पुसट किरण टिपायचे तर आभाळाचा मोठा तुकडा एकदम घेणारं लहान भिंगच हवं.

दुपार चढते. सूर्याची पश्चिमेकडची बाजू कुरतडल्यासारखी दिसायला लागते. काजळी धरलेली काच डोळ्यांपुढे घेऊन लोक बघताहेत. (तुम्ही त्या काळात आहात म्हणून ठीक, एरवी काजळीच्या काचेनं सूर्य बघू नका, डोळे जातात.) लिंबाखाली बघा. पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे गोल कवडसे आज चंद्रकोरींच्या आकाराचे झालेत, आणि सगळी जमीन त्या कोरींनी भरून गेली आहे. तुमच्या कॅमेऱ्याच्या पोटात जे घडतं तेच ते झाड घडवतंय. प्रत्येक बारीक फट भिंगाचं काम करतेय.

गावात वेध लागलेत. चुली थंड. पाण्याच्या माठावर तुळशीची पानं. गरोदर बायका दाराआड. गल्लीतून आरोळी येते, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" नदीवर जाऊन स्नान करायला म्हातारी माणसं सोवळ्याची धोतरं हाताशी घेऊन बसलीत. इकडे तंबूत प्लेटा भरून तयार आहेत. दोन्हीकडे तयारी कडेकोट आहे आणि दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता नाही.

एक वाजून गेल्यावर ऊन पिवळट न होता करडं होत जातं. गारवा वाढतो. कावळे झाडांकडे परततात. नैर्ऋत्येचं आभाळ काळवंडतं आणि ती काळोखी अंगावर धावून येते. सूर्याची शेवटची चीर एका ठिकाणी ठिणगीसारखी लखलखते आणि विझते.

आणि मग करोना. काळ्या चकतीभोवती मोत्याच्या रंगाचं तेज, त्यातून लांब निघालेले शुभ्र झोत. कडेला गुलाबी ज्वाळांचे ठिपके. जवळच शुक्र. क्षितिजावर चहूबाजूंनी सांजेचा उजेड. कुणीतरी खणखणीत आवाजात सेकंद मोजतंय. झाकण उघड, मोज, बंद कर, प्लेट बदल. अॅनीबाई वर बघतही नसाव्यात असं वाटतं. या धंद्याची ही जुनी गोम आहे : सगळं जग जे डोळे भरून बघतं, ते टिपणाऱ्याला डोळे भरून बघता येत नाही.

दोन मिनिटं संपतात. पुन्हा ठिणगी, पुन्हा ऊन. गावात शंख वाजतो.

त्या दीड इंची भिंगानं टिपलेल्या प्लेटवर करोनाचा एक किरण सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब गेलेला उमटला. एवढा लांब किरण तोवर कुणाच्या फोटोत सापडला नव्हता. वऱ्हाडातल्या एका लहानशा स्टेशनावर काढलेला हा फोटो. काढणारी बिनपगारी. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये, तेव्हा कुठे तिला तिथं जागा मिळाली. मधल्या काळात तिनं सामान्य वाचकांसाठी आभाळावरचं पुस्तक लिहिलं, पुढच्या ग्रहणांमागे देशोदेशी फिरली. काकांना हवी असलेली ‘करिअर’ ती हीच. त्या वेळी तिला हे नाव नव्हतं इतकंच.

सावलीच्या मागे, बक्सर

सावली तुमच्यावरून गेली, पण तिच्यामागे जायला हवं. ती ईशान्येला गंगेकाठच्या बक्सरला पोचते तेव्हा तिथं त्याच असोसिएशनचा दुसरा तळ वाट बघत असतो. तिथं रेव्हरंड बेकन आहेत, विज्ञानावर व्याख्यानं देणारे, बलूनमधून उडणारे पाद्री. त्यांची मुलगी गर्ट्रूड सोबत आहे. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही बापलेक उल्कावर्षाव बघायला रात्री बलूनमधून वर जातील, बलून खाली येईना म्हणून तासन् तास ढगांवर अडकतील आणि वेल्समध्ये आपटतील. आणि उतरल्यावर त्यावर लिहितील. वाचणारे मिटक्या मारत वाचतील, आणि वाचता वाचता त्यांना वातावरणाचं शास्त्रही कळेल.

बेकन यांच्या तळावर नेव्हिल मॅस्केलिन नावाचा जादूगार आहे. घराण्याचा धंदा लंडनच्या रंगमंचावरची जादू. पण त्याच्यासमोर तिपाईवर आहे चलच्चित्राचा कॅमेरा. सिनेमा जन्मून तीनच वर्षं झालीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात लोकांनी हलती चित्रं पहिल्यांदा बघितली ती १८९६ मध्ये. हा गडी त्याच यंत्रानं सूर्यग्रहणाची फिल्म घेतोय, आणि त्याला ती मिळतेही. ग्रहणाचं जिवंत चित्र.

पण परतीच्या प्रवासात फिल्मचा डबा चोरीला गेला. त्या चोराला आत काय आहे हे ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याच्या हाती बहुधा निरुपयोगी काळी पट्टी लागली.

मॅस्केलिननं हाय खाल्ली नाही. १९०० साली २८ मे रोजी अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात पुन्हा ग्रहण होतं. कॅमेऱ्याला दुर्बिणीचं भिंग जोडून तो तिथं गेला आणि फिल्म घेऊन आला. ती रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या कपाटात कित्येक वर्षं पडून होती. २०१९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं चौकटीमागून चौकट दुरुस्त करून ती लोकांपुढे आणली. मिनिटभराची आहे. बघताना ध्यानात असू द्या, तिची थोरली बहीण भारतात जन्मली आणि वाटेत हरवली. या कामातल्या प्रत्येकासाठी तिचा एकच निरोप आहे : जे टिपलं त्याची दुसरी प्रत त्याच रात्री करा, आणि दोन प्रती एका पिशवीत ठेवू नका.

दादर, १९१२

आता मुंबईला जा. वाटेत १९०१ मध्ये चौपाटीवर क्षणभर थांबा. केंब्रिजला गणितात सिनिअर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागत चाललंय, आणि गर्दीत सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपला विलायती कॅमेरा फिरवताहेत. मराठी माणसाच्या हाती कॅमेरा आला आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या विषयांत एक गणिती होता, हे आपण विसरूनच गेलोय.

दादरच्या घरात मात्र निवांत बसा, कारण इथे घाई चालत नाही. एका कुंडीत वाटाणा पेरलाय. समोर नुकताच लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा. दादासाहेब फाळके हँडल थोडंसं फिरवतात, थोडी चित्रं घेतात आणि थांबतात. पुढची चित्रं नंतर. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला कडेनं भोकं पाडायला, अंधारात ती धुवायला मदत करताहेत. महिनाभर हा उद्योग चालतो.

हिशेब करून बघा. मिनिटभराची फिल्म, सेकंदाला सोळा चित्रं धरली तर हजाराच्या आसपास चित्रं. महिनाभरात विभागली तर दिवसाला तीसेक. ती सलग पडद्यावर सोडली की माती फुगते, फुटते, कोंब मान वर काढतो, पानं उघडतात, वेल आधार चाचपत वर सरकते. महिन्याचं वाढणं मिनिटात. ‘अंकुराची वाढ’ असं त्या फिल्मचं नाव. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आधी फाळक्यांनी पडद्यावर आणला तो वाटाणा. आणि तो पाहूनच यशवंतराव नाडकर्ण्यांसारख्या माणसांना वाटलं की याला कर्ज द्यायला हरकत नाही. भारतीय सिनेमाचं भांडवल एका विज्ञानपटानं उभं केलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकू. हिल्स आणि न्यूऑल यांना समितीचं पाठबळ. माँडर दांपत्याची कमाई नवऱ्याच्या नोकरीची. बेकन व्याख्यानांवर. मॅस्केलिन जादूच्या खेळांवर. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, पुढे बायकोचे दागिनेही. म्हणजे सव्वाशे वर्षांत हा धंदा एका पायावर कधीच उभा राहिला नाही. शिकवणं, लिहिणं, दुसऱ्यांसाठी शूटिंग, ट्रेकची वाट दाखवणं, यातलं एखादं काम पोटाला हवंच. हे आधी मान्य केलं तर पुढची निराशा टळते.

मगनवाडी, वर्धा, ३० डिसेंबर १९३८

परत वर्ध्याला या. आज गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन आहे. सिनेमावर गांधीजींचा राग. चित्रपट चौकशी समितीला त्यांनी सिनेमाबद्दलचं आपलं वाईट मत स्वच्छ कळवलं होतं. तेव्हा कॅमेरा लपवा आणि डोळे उघडे ठेवा.

इथं जे. सी. कुमारप्पा आणि ग्रामोद्योग संघाचे लोक काय करताहेत ते बघा. रॉकेलवाचून गोडेतेलावर जळणारा दिवा. सुधारलेली घाणी, हातकागद, मधमाशांच्या पेट्या. दिवा का धूर ओकतो, वात केवढी हवी, हवा कुठून आत यावी, हे इथं शिकवतात आणि लगेच करून दाखवतात. पाहणारा उद्या तेच आपल्या घरी करणार आहे. तळणीच्या तंबूत जे राहून गेलं ते इथं घडतंय. तिथं निरीक्षण आपल्या मातीत झालं आणि अहवाल लंडनमध्ये इंग्रजीत छापले गेले. इथं प्रयोगही गावाचा, भाषाही गावाची. पुढे १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं ते याच धाग्यानं.

वर्ध्याच्या मुलखाला हे दोन वारसे मिळालेत. पुलगाव-तळणीचा काटेकोरपणा आणि मगनवाडीची बोली. तुमच्या कामाला दोन्ही हवेत. पहिलं नसेल तर फिल्म सुंदर पण पोकळ होते. दुसरं नसेल तर ती परदेशी चॅनेलसाठी आयतं छायाचित्रण पुरवणारी मजुरी होते.

हिंगणी, बोरचं जंगल, आज

आता वर्तमानात. बोर अभयारण्य १९७० पासून आहे. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. त्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. गाभ्याच्या हिशेबानं देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. एका बाजूला धरणाचं पाणी, भोवती साग, तेंदू, बांबू, आणि कडेला लागून कापूस-तुरीची शेतं.

वनखात्याची माणसं कॅमेरे लावताहेत, त्यांच्यासोबत पायवाटेनं चाला. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर झाडाला पट्ट्यानं आवळतात. समोरच्या बाजूला दुसरा, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. दोन्ही बाजू मिळाल्या तरच तो कोणता वाघ ते पक्कं सांगता येतं. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर ठेवत नाहीत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. समोरचं गवत छाटतात, नाहीतर वाऱ्यानं हललेल्या पात्याचेच शेकडो फोटो निघतात. सगळं झालं की एक वनरक्षक हातापायांवर रांगत कॅमेऱ्यासमोरून जातो. वाघाएवढ्या उंचीवरून गेलं तर कॅमेरा चालतो की नाही ते बघायला. हसू येतं खरं, पण १८९८ च्या तालमीचीच ही पोरं. जनावर एकदाच जाणार. तेव्हा यंत्र चुकता कामा नये.

मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करत करत विदर्भाचं जंगल मराठीत आणलं. पक्ष्यांची, झाडांची, वासांची नावं त्यांनी पारध्यांकडून, गोंडांकडून, गुराख्यांकडून गोळा केली. पडद्यावर तेवढ्या ताकदीनं ते काम व्हायचं अजून बाकी आहे. वाघाच्या फिल्मा पुष्कळ झाल्या. पण रात्री रानडुकरांच्या राखणीला मचाणावर बसणारा हिंगणीचा शेतकरी, त्याचं पीक, नुकसानभरपाईचा कागद, आणि त्याच शेताच्या बांधावरून जाणारा वाघाचा मार्ग हा सगळा मिळून एक विषय आहे. तो सांगायला वाघाचं वर्तन कळलं पाहिजे, पंचनामा कळला पाहिजे आणि ‘काहो भाऊ’ म्हणता आलं पाहिजे.

एवढ्यावर काम सुरू करता येतं. जंगलात शूटिंगला वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती आधी काढा. पावसाळ्यात बोर बंद असतं, तेव्हा घरच्या कुंडीत फाळक्यांसारखा वाटाणा लावा. तुमच्या मोबाईलमध्ये टाइमलॅप्स आयता आहे. केंद्र सरकारची ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली, ही या क्षेत्राची खरी हानी आहे. सरकारी आधार कमी झालाय हे गृहीत धरूनच उतरा. आणि भाषा सोडू नका. इंग्रजीत हे करणारे पुष्कळ आहेत. वऱ्हाडीत करणारे बोटांवर मोजण्याइतके.

तारीखही लिहून ठेवा : २० मार्च २०३४. त्या दिवशी चंद्राची सावली लडाखवरून जाईल आणि कारगिल-लेहच्या बाजूला खग्रास दिसेल. वर्ध्यातून ते खंडग्रास असेल. तयारीला वेळ भरपूर आहे. उंचीवर चालायचा सराव करा, थंडीत बॅटऱ्या किती टिकतात ते तपासा, सेकंद मोजायला एक भरवशाचा सोबती धरा. तोवर दरवर्षी एक तरी फिल्म करा, पहिली मिनिटभराचीच. आणि ती कुठल्याही महोत्सवाला किंवा चॅनेलला पाठवण्याआधी, ज्याच्या वावरात घेतली त्याला दाखवा. त्यानं मान डोलावली तर पुढे पाठवा. त्याला कळली नसेल, तर पुन्हा करा.